ओला कोपरा, कोरडा कोपरा



गेल्या अंकात आम्ही बॉयलरच्या सर्व्हिसिंगविषयी लिहिलं, त्याआधी भिंतींच्या इन्सुलेशनविषयी. त्यावर काही वाचकांनी प्रेमळ तक्रार केली, की या सदरात यंत्रं फार होतात, कधी तरी जिवंत काही येऊ द्या. तक्रार रास्त आहे. म्हणून या खेपेचा विषय जिवंत आहे आणि चांगला चौदा पायांवर चालणारा आहे. या देशात बागेतली कुंडी किंवा ओली वीट उचलली की खालून जे करडे, चपटे, कवचवाले जीव सैरावैरा पळतात, ते वुडलाइस. ते मारायचे कसे हे आम्ही सांगणार नाही; पाळायचे कसे ते सांगणार आहोत!

"शी!" असा उद्गार आता काही घरांतून निघाला असेल. आमच्याही घरात प्रथम तोच निघाला होता. पण गेली काही वर्षं या मंडळींचा एक खोका आमच्या जिन्याखालच्या शेल्फवर सुखाने नांदतो आहे. 'आयसोपॉड' या भारदस्त नावाने हेच जीव विकत घेऊन हौसेनं पाळणारे लोकही इथं पुष्कळ आहेत. तेव्हा नाक मुरडण्याआधी चार गोष्टी ऐकून घ्या.

किडा नव्हे, खेकड्याचा भाऊबंद

पहिली गोष्ट म्हणजे हा कीटक नव्हेच. इंग्रजी नावात 'लाउस' म्हणजे ऊ असली तरी उवेशी याचं काही नातं नाही. तो चावत नाही, डसत नाही. त्याचं कूळ खेकडे, कोळंबी आणि शेवंडांचं. बहुतेक भाऊबंद पाण्यात राहिले. यांच्या पूर्वजांनी मात्र कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्र सोडून जमिनीवर बिऱ्हाड केलं. आज जमिनीवर राहणाऱ्या त्यांच्या साडेतीन हजारांहून अधिक जाती जगात आहेत. ब्रिटनमध्ये उघड्यावर सापडणाऱ्या जाती ४० च्या आसपास.

बिऱ्हाड हललं, तरी जुन्या सवयी सुटल्या नाहीत. यांच्या पोटाखाली मागच्या बाजूला कल्ल्यांसारखे पडदे असतात आणि ते ओलसर राहिले तरच श्वास चालतो. कीटकांच्या अंगावर पाणी अडवणारा मेणासारखा थर असतो, तो यांच्या कवचावर नाही. त्यामुळे कोरड्या हवेत अंगातलं पाणी भराभर उडून जातं. मागे शेपटासारख्या ज्या दोन काड्या दिसतात, त्यांनी ते जमिनीवरचं पाणी वर ओढून घेतात. मादी अंडी जमिनीत घालत नाही. तिच्या पोटाखाली पाण्याने भरलेली एक पिशवी तयार होते, तीत ती अंडी घेऊन हिंडते. थोडक्यात, समुद्र सोडला, पण थोडं पाणी बरोबर बांधून घेतलं. परदेशी बिऱ्हाड केलेल्या मंडळींना हे वेगळं समजावून सांगायला नको. आपणही कुकर आणि गोडा मसाला बॅगेत घालूनच आलो की!

आपल्या बागेत प्रामुख्याने तीन जाती सापडतील. गुळगुळीत, चकचकीत पाठीचा तो ऑनिस्कस असेलस. खरखरीत, पाटीसारख्या रंगाचा तो पोर्सेलिओ स्काबर. आणि हात लावताच अंगाची गोळी करतो तो आर्माडिलिडियम व्हल्गेअर. हा इंग्लंडच्या दक्षिण-पूर्व भागात आणि चुनखडीच्या जमिनीत अधिक. आपल्याकडे पावसाळ्यात 'पैसा' चकलीसारखा वेटोळा होतो, तो निराळा प्राणी. हा पूर्ण गोळीच होतो. सतराव्या-अठराव्या शतकांत इथले वैद्य ही मंडळी चक्क औषध म्हणून देत असत. गोळीचा आकार निसर्गानेच दिला होता म्हणा! स्कॉटलंडमध्ये यांना 'स्लेटर' म्हणतात, तर इंग्लंडच्या पश्चिमेकडे काही ठिकाणी 'चगी पिग'. तेव्हा तुमच्या मुलांच्या शाळेत कोणतं नाव चालतं ते विचारा; गाव कळेल.

आपल्यासारख्यांनी का पाळावेत?

कुत्रं-मांजर कोणाला नको असतं? पण आपल्या घरांची अडचण वेगळी आहे. भाड्याच्या घरात घरमालकाची परवानगी लागते. घरात कोणाला केसांची ॲलर्जी असते. आणि मुख्य म्हणजे दोन-तीन वर्षांतून एकदा आपण सगळे उठून चार-पाच आठवड्यांसाठी भारतात जातो. तेवढे दिवस कुत्रा ठेवायचा कुठे? त्या खर्चात एक तिकीट निघेल. वुडलाइसचा खोका मात्र निघताना नीट ओला करून, पालापाचोळा भरून ठेवला तर तीन-चार आठवडे कुणाची वाट पाहत नाही. शेजाऱ्यांना किल्ली दिलेली असतेच. त्यांना मध्ये एकदा पाणी शिंपडायला सांगितलं की झालं.

आमच्याकडे खोका आला तो धाकटीच्या शाळेतल्या प्रयोगामुळे. प्रयोग साधा. एका बशीच्या एका बाजूला ओलावा, दुसऱ्या बाजूला कोरडं. मध्ये दहा वुडलाइस सोडायचे आणि किती वेळाने किती कुठे जातात ते मोजायचं. बहुतेक सगळे ओल्या बाजूला गोळा होतात. प्रयोग संपला, पण तिची ओढ संपली नाही.

त्याच हिवाळ्यात आमची आई सहा महिन्यांच्या व्हिसावर इथं आली होती. इथला डिसेंबर तुम्हाला ठाऊकच आहे. चार वाजता अंधार, बाहेर पडायची सोय नाही, टीव्हीवरची भाषा कळत नाही. नातीचं मराठी 'जेवले, झोपते, बाय आजी' इथपर्यंत. दोघींचं एकमेकींवर प्रेम होतं, पण बोलायला विषय नव्हता. तो या खोक्याने दिला. आई आधी लांबूनच बघायची. मग एक दिवस तिनेच हाक मारली, "अगं, इकडे ये, हा बघ अर्धाच पांढरा झालाय. कात टाकतोय वाटतं." 'कात टाकणे' हा शब्द धाकटीने त्या दिवशी ऐकला, तो पक्का बसला. पुढे मेलेला एक किडा बाकीच्यांनी खाल्लेला पाहून ती घाबरली, तेव्हा आई शांतपणे म्हणाली, "त्यांच्यात असंच असतं गं. काही वाया जात नाही त्यांच्यात." आई परत गेल्यावर दर रविवारच्या फोनवर पहिला प्रश्न किड्यांचा असतो, आणि उत्तर मराठीत द्यावं लागतं. आजीला 'मोल्टिंग' कळत नाही ना!

कल्पना मुळी लंडनचीच

काचेच्या खोक्यात एक छोटं जग वसवायची कल्पना याच देशातली, आणि तिचा उगम एका किड्यातच आहे. लंडनच्या ईस्ट एंडमध्ये नॅथॅनिअल बॅगशॉ वॉर्ड नावाचे डॉक्टर राहत. त्यांना नेच्याच्या झाडांचं वेड. पण कोळशाच्या धुराने बागेतले नेचे जगत नसत. १८२९ साली एका पतंगाचा कोश फुटताना पाहायचा म्हणून त्यांनी तो ओल्या मातीसकट बाटलीत बंद करून ठेवला. तर बाटलीतल्या मातीतून एक नेचा आणि थोडं गवत उगवलं आणि चांगलं वाढलं. दिवसा मातीतलं पाणी वर जाई, काचेवर जमे आणि पुन्हा खाली ओघळे. यातून पुढे 'वॉर्डियन केस' ही काचेची पेटी आली. १८३३ मध्ये अशा पेट्यांतून झाडं जहाजाने सिडनीला सुखरूप पोहोचली. पुढे रॉबर्ट फॉर्च्यूनने चीनमधून चहाची रोपं भारतात नेली, तीही अशाच पेट्यांतून. आपल्या सकाळच्या चहावर त्या बाटलीचं थोडं ऋण आहे तर!

आणि रोपांबरोबर मातीतले जीवही प्रवास करतात. केव गार्डनच्या उबदार काचघरांत उष्ण देशांतल्या वुडलाइसच्या काही जाती सापडल्या आहेत. कुंडीतून आले, ऊब मिळाली, राहिले.

खोका कसा मांडावा

आता मुद्द्याचं. पाच ते दहा लिटरचा, झाकणाचा पारदर्शक प्लॅस्टिकचा डबा पुरतो. काचेची पेटी दिसते छान, पण गरज नाही. डब्याच्या समोरासमोरच्या बाजूंना भोकं पाडून आतून बारीक जाळी चिकटवावी, म्हणजे हवा खेळती राहते. तळाशी पाच-सात सेंटिमीटर मातीचा थर. यासाठी पीट नसलेलं, खत न घातलेलं कंपोस्ट किंवा काथ्याचा भुसा वापरावा. गार्डन सेंटरमध्ये भुशाच्या सुक्या विटा मिळतात. त्या बहुधा भारतातून किंवा श्रीलंकेतून आलेल्या असतात. भिजत घातली की वीट फुगते आणि घरभर कोकणातल्या सोडणांचा वास येतो.

त्यावर भरपूर पालापाचोळा. ओक आणि बीचची तपकिरी, वाळलेली पानं ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये फुकट मिळतात. रस्त्याकडेची नकोत, बागेतली किंवा रानातली आणावीत. त्यांवर उकळतं पाणी ओतून निथळून घ्यावं. नाही तर पानांबरोबर नको ते पाहुणे येतात. डिस्डेरा क्रोकाटा नावाचा लालसर कोळी तर खास वुडलाइसच खातो. त्याच्या लांब दातांचा चावा माणसालाही दुखतो. पानांवर सालीचे एक-दोन तुकडे आणि थोडं कुजकं, ठिसूळ लाकूड ठेवावं. शक्य झाल्यास स्प्रिंगटेल नावाचे इवलेसे पांढरे जीव सोडावेत. ते बुरशी खातात आणि खोका स्वच्छ ठेवतात.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, जिच्यावरून या लेखाचं नाव ठेवलं आहे. अख्खा खोका ओला करू नये. एका कोपऱ्यात ओलं मॉस ठेवावं आणि पाणी फक्त तिथेच घालावं. दुसरा कोपरा जवळजवळ कोरडा राहू द्यावा. नवशिक्यांचे खोके बहुतेक दोन कारणांनी मरतात. सगळीकडे चिखल झाला तर हवा कोंडते आणि बुरशी माजते. सगळं सुकलं तर कल्ले वाळतात आणि एका रात्रीत सगळे जाऊ शकतात. इंजिनिअरच्या भाषेत सांगायचं तर आकडा अचूक साधायच्या मागे लागू नका, उतार तयार करा. एका टोकाला ओल, दुसऱ्या टोकाला कोरडं, आणि मधली सगळी जागा. कात टाकताना, पिल्लं होताना, खाताना कुठे बसायचं ते त्या जिवाला आपल्यापेक्षा चांगलं कळतं. आपलं काम दोन्ही कोपरे शाबूत ठेवायचं.

इथल्या हिवाळ्यात धोका थंडीचा नाही, सेंट्रल हीटिंगचा आहे. रेडिएटरच्या वर किंवा शेजारी खोका कधीही ठेवू नये. खिडकीतल्या उन्हातही नको. घरातलं साधं तापमान, थोडा अंधार आणि आठवड्यातून एक-दोनदा मॉसवर पाणी, बस्स. पावसाचं पाणी उत्तम, आणि त्याची या देशात टंचाई नाही.

खाणं-पिणं

मुख्य अन्न म्हणजे तोच पालापाचोळा आणि कुजकं लाकूड. अधूनमधून काकडीची चकती, गाजराचं किंवा कूर्जेटचं साल. दोन दिवसांत संपलं नाही तर काढून टाकावं. प्रथिनांसाठी आठवड्यातून एकदा माशांच्या खाद्याची चिमूट किंवा सुका जवळा. आपल्या देशी दुकानातली सुकट चालते का, असं विचारणाऱ्यांना उत्तर: बिनमिठाची असेल तर चालते. (भाऊबंदांनाच खायला घालतो आहोत हे त्यांना सांगायची गरज नाही.) मीठ, तेल, फोडणी यांतलं काही नको.

कवच चुन्याचं असल्याने कॅल्शियम सतत लागतं. अंड्याची टरफलं धुऊन, वाळवून, चुरून ठेवावीत. किंवा पक्ष्यांच्या खाद्याच्या दुकानात 'कटलबोन' मिळतं ते ठेवावं. हे म्हणजे आपल्या आज्यांच्या बटव्यातलं समुद्रफेन. आईने ते बघताच ओळखलं.

कात, पिल्लं आणि आजार

वुडलाउस कात दोन हप्त्यांत टाकतो. आधी मागचा अर्धा भाग, काही दिवसांनी पुढचा. म्हणून मध्येच अर्धा फिका, अर्धा गडद असा दिसतो. त्या दिवसांत त्याला हलवू नये, अंग मऊ असतं. टाकलेली कात तो बहुतेक वेळा खाऊन टाकतो. चुना फुकट घालवत नाही. लघवी तो करत नाही. अंगातला नको असलेला अमोनिया वायूच्या रूपाने बाहेर जातो. खोका उघडताच तसा वास भपकन आला तर गर्दी फार झाली किंवा हवा कोंडली असं समजावं.

पिशवीतली अंडी काही आठवड्यांत फुटतात आणि आईच्या पोटाखालून डझनावारी पांढरे ठिपके बाहेर पडतात. पिल्लांना आधी पायांच्या सहाच जोड्या असतात, सातवी कात टाकल्यावर येते. भिंग घेऊन पाय मोजायचं काम मुलांवर सोपवा; पावसाळी शनिवार निघून जातो. आयुष्य साधारण दोन ते चार वर्षांचं.

एखादा वुडलाउस सुंदर निळा-जांभळा दिसला तर हरखून जाऊ नये. बहुतेक वेळा तो विषाणूचा रोग असतो. माणसाला त्याचा अपाय नाही, पण तो जीव वाचत नाही. त्याला ताबडतोब वेगळा करावा.

विकतचे की बागेतले?

बाजारात रंगीबेरंगी जाती मिळतात. पांढऱ्या-काळ्या ठिपक्यांची 'डेअरी काउ', निळसर भुकटी लावल्यासारखी 'पावडर ब्लू', आणि थायलंडच्या चुनखडीच्या भागातून आलेली, बदकासारख्या तोंडाची 'रबर डकी'. या शेवटच्या एकेका जिवासाठी कित्येक पौंड मोजणारे लोक आहेत. तिला पिल्लं कमी आणि सावकाश होतात. म्हणून रानातून ओरबाडून आणलेल्या जिवांचा धंदा होण्याची भीती अशा जातींबाबत अधिक. आमचं मत विचाराल तर सुरुवात आपल्या बागेतल्या पंधरा-वीस जणांपासून करावी. पैसे पडत नाहीत, इथल्या हवेची त्यांना सवय असते, आणि पुढे हौस फिटली तर जिथून आणले तिथेच परत सोडता येतात. परदेशी जातींचं तसं नाही. ब्रिटनमध्ये सहसा न आढळणारा प्राणी उघड्यावर सोडणं हा १९८१ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. जुनी मातीही बागेत ओतू नये; तीत पिल्लं असतात.

कायद्याचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. इंग्लंड आणि वेल्समधल्या पाळीव प्राण्यांना संरक्षण देणारा २००६ चा कायदा पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांपुरता आहे. २०२२ च्या कायद्याने खेकडे, शेवंड आणि ऑक्टोपस यांना वेदना आणि भावना असतात हे मान्य केलं. पण त्या यादीत वुडलाउस बसत नाही. म्हणजे चुलतभावाला मान्यता मिळाली, याला नाही. रेडिएटरजवळ ठेवलेला खोका सुकून गेला तर कुणी जाब विचारणार नाही. तो जीव ओरडतही नाही, शेपूट हलवून माया दाखवत नाही, आपल्याला ओळखतही नाही.

आम्हाला वाटतं, मुलांच्या हाती हा खोका द्यायचं खरं कारण हेच आहे. कोणी बघत नाही, कोणी शाबासकी देत नाही, समोरून काही परत येत नाही, तरी शुक्रवारी आठवणीने मॉस ओलं करायचं. काळजी घेणं म्हणजे काय ते इतक्या स्वस्तात शिकवणारं दुसरं काही आमच्या पाहण्यात नाही. मोठ्यांनाही त्याचा उपयोग आहे. घरात मराठीचा एक ओला कोपरा आपण जपून ठेवायचा. मुलं त्यात कधी आणि किती वेळ येऊन बसतात ते त्यांचं त्यांना ठरवू द्यायचं. तो सुकू द्यायचा नाही, एवढीच जबाबदारी आपली.

ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांनी पानं गळायला लागली की एक पिशवी भरून वाळवून ठेवावी, वर्षभर पुरतात. शंका असल्यास मंडळाच्या पत्त्यावर कळवाव्यात. पुढच्या अंकात पुन्हा यंत्रांकडे: खिडक्यांवर जमणारं पाणी आणि त्यावरचे उपाय. वाचकांनी हरकत घेतली नाही तर!